बटाट्याचं बारसं: अमेरिकेला फ्रान्सचाच एवढा राग का येतो?

११ मार्च २००३. अमेरिकेच्या संसदेतल्या खालच्या सभागृहाची जी कँटीन्स आहेत तिथल्या मेन्यूवरून त्या दिवशी 'फ्रेंच फ्राइज' हा शब्द गेला आणि त्याजागी 'फ्रीडम फ्राइज' आला. फ्रेंच टोस्टचा पण फ्रीडम टोस्ट झाला. बटाटा तोच, तेल तेच, मीठ तेच. यासाठी काही मतदान वगैरे झालं नाही, कँटीन ज्या कमिटीच्या हाताखाली येतं त्या कमिटीचे अध्यक्ष होते ओहायोचे बॉब ने, त्यांनी सांगितलं आणि झालं. कल्पना होती नॉर्थ कॅरोलिनाचे खासदार वॉल्टर जोन्स यांची, आणि त्यांनी ती उचलली होती आपल्याच राज्यातल्या ब्यूफोर्ट नावाच्या गावातल्या एका छोट्या रेस्टॉरंटवरून, तिथल्या मालकाने महिनाभर आधी हे बारसं करून टाकलं होतं.

फ्रेंच दूतावासाच्या प्रवक्त्या नाताली लुआझो यांना पत्रकारांनी विचारलं तर त्या म्हणाल्या की सध्या फार गंभीर विषय चालू आहेत, बटाट्याला तुम्ही काय नाव देता याकडे आमचं लक्ष नाहीये. आणि वर दूतावासाने हेही सांगितलं की फ्राइज मुळात बेल्जियमचे आहेत.

हा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, हसून सोडून दिलेला असतो. पण यामागे जे आहे ते मजेशीर आहे आणि थोडं गुंतागुंतीचं पण आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आधी भांडण काय होतं ते. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्यानंतर दोनच दिवसांनी फ्रान्सच्या ल मोंद या पेपरच्या पहिल्या पानावर मथळा होता, 'आम्ही सगळे अमेरिकन आहोत'. हल्ल्याला आठवडा होतोय तोच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक व्हाइट हाउसमध्ये हजर, हल्ल्यानंतर भेटायला येणारे ते पहिले परदेशी राष्ट्रप्रमुख. अफगाणिस्तानच्या लढाईतही फ्रान्स अमेरिकेबरोबर उतरला. म्हणजे सगळं छान चाललं होतं. मग बुश सरकारने इराककडे मोर्चा वळवला, म्हणणं असं की सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव १४४१ आला, सद्दामला शेवटची संधी देणारा, तो १५ विरुद्ध ० असा पास झाला आणि त्यात फ्रान्सचं पण मत होतं. गोची अशी की त्या ठरावाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला. अमेरिका म्हणाली सद्दामने ऐकलं नाही तर युद्ध. फ्रान्स म्हणाला सद्दामने ऐकलं नाही तर परत इथे येऊन बोलायचं.

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत फोटो, टेप वगैरे दाखवून सद्दामकडे शस्त्रं आहेत हे मांडलं. १४ फेब्रुवारीला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ बोलले, तपासनीसांना अजून वेळ द्या, युद्ध सगळ्यात शेवटी, आणि हे तुम्हाला एक जुना देश सांगतोय. 'जुना' हा शब्द मुद्दाम, कारण तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी फ्रान्स आणि जर्मनीला 'जुना युरोप' म्हणून उडवून लावलं होतं. व्हिलपँ यांचं भाषण संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या सभागृहात टाळ्या सहसा पडत नाहीत. अमेरिकेत लोकांनी हे टीव्हीवर बघितलं. आपल्या जखमेवर अजून खपली धरलेली नाही आणि आपला जुना दोस्त जगासमोर आपल्याविरुद्ध टाळ्या घेतोय, असं ते त्यांना दिसलं. यातलं युद्धाचं समर्थन बाजूला ठेवून बघितलं तर ते दुखणं खरं होतं, हे मान्य करायला पाहिजे.

त्या दिवसांत अमेरिकेत जे चाललं होतं ते बघा. न्यूयॉर्क पोस्टने पहिल्या पानावर सुरक्षा परिषदेतल्या फ्रेंच आणि जर्मन प्रतिनिधींच्या धडावर मुंगुसासारख्या प्राण्याची डोकी चिकटवून छापली. त्याच पेपरने नॉर्मंडीतल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं की हे फ्रान्ससाठी मेले, फ्रान्स विसरला. फ्लोरिडात एका बारवाल्याने फ्रेंच वाइन रस्त्यावर ओतली. फ्रेंच मालकीच्या सोफिटेल हॉटेलांनी अमेरिकेत दारावरचे फ्रेंच झेंडे उतरवून ठेवले. सगळ्यात कहर म्हणजे 'फ्रेंचेस' नावाची मोहरीची चटणी, ती पिवळी, हॉट डॉगवर घालतात ती, त्या कंपनीला खुलासा करावा लागला की बाबांनो हे फ्रेंच म्हणजे देश नाही, आडनाव आहे, रॉबर्ट फ्रेंच नावाच्या अमेरिकन माणसाचं. त्यातली गंमत अशी की तेव्हा त्या कंपनीची मालकी होती ब्रिटिश.

(हसू नका फार. आपल्याकडे २०२१ मध्ये गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचं नाव कमलम केलं, आणि २०२० मध्ये वांद्र्याच्या कराची स्वीट्सवाल्याने आपल्याच दुकानाच्या पाटीवर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. ही खोड सगळ्यांनाच. अमेरिकनांनी स्वतः पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या रागाने आंबवलेल्या कोबीला, ज्याला सावरक्राउट म्हणतात, त्याला 'लिबर्टी कॅबेज' करून टाकलं होतं. फरक एवढाच की जर्मनी तेव्हा खरोखरचा शत्रू होता.)

आकडा बघायचा तर गॅलपच्या सर्व्हेत फेब्रुवारी २००२ मध्ये ७९ टक्के अमेरिकनांचं फ्रान्सबद्दल मत चांगलं होतं. मार्च २००३ मध्ये ३४ टक्के. तेरा महिन्यांत निम्म्याहून खाली, आणि या तेरा महिन्यांत फ्रान्सने अमेरिकेवर एक गोळी सोडली नव्हती की एक पैसा बुडवला नव्हता, फक्त 'नाही' म्हटलं होतं.

आता खरा प्रश्न. 'नाही' काय फक्त फ्रान्सने म्हटलं होतं का? जर्मनीने तर आधीच म्हटलं होतं, चॅन्सलर श्रोडर २००२ ची निवडणूक त्याच मुद्द्यावर जिंकले. रशिया विरोधात, चीन विरोधात, आणि दोघांकडे नकाराधिकार. शेजारचे कॅनडा आणि मेक्सिको पण तयार नव्हते. एवढंच काय, युद्धाला मंजुरी देणारा दुसरा ठराव पास व्हायला सुरक्षा परिषदेत ९ मतं लागत होती आणि अमेरिका, ब्रिटन, स्पेन, बल्गेरिया सोडून पाचवं नाव पक्कं होत नव्हतं, अंगोला, कॅमेरून, चिली, गिनी, मेक्सिको, पाकिस्तान यांना मनवणं चालू होतं आणि ते काही बधत नव्हते. शेवटी १७ मार्चला ठराव मतदानाला न टाकताच मागे घेतला. म्हणजे फ्रान्सने व्हेटो वापरलाच नाही, वापरायची वेळच आली नाही. पण शिराक यांनी १० मार्चला टीव्हीवर सांगितलं होतं की परिस्थिती काहीही असो फ्रान्स विरोधात मत देईल, आणि हे वाक्य वॉशिंग्टन आणि लंडनला असं सापडलं की बास. मतं जमत नाहीत हे कबूल करण्यापेक्षा फ्रान्सने मोडता घातला हे सांगणं कितीतरी सोपं. फ्रेंच लोक आजही सांगतात की शिराक 'आज संध्याकाळच्या घडीला' असं म्हणाले होते, ते कापलं गेलं. ते खरंय, पण टीव्हीवर बोलताना एवढा अनुभवी माणूस असं वाक्य बोलतो म्हणजे चूक त्याचीही थोडी आहेच.

बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस यांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं, फ्रान्सला शिक्षा करा, जर्मनीकडे दुर्लक्ष करा, रशियाला माफ करा. ते त्या शब्दशः तसं म्हणाल्या की नाही ते सोडा, पुढे झालं साधारण तसंच.

का? याची दोनतीन कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं म्हणजे हे भावकीतलं भांडण आहे. परक्याने नाही म्हटलं तर आपण सोडून देतो, पण लग्नाला सख्खा मामा आला नाही तर ते वीस वर्षं निघत राहतं. आणि इथे दोन्ही बाजूंकडे उपकारांची वही आहे, नुसती आहे असं नाही, दोघंही तिची फक्त आपलीच पानं वाचतात. अमेरिकेची वही सुरू होते ६ जून १९४४ पासून, नॉर्मंडीचा किनारा, कोलव्हिल-सुर-मेरच्या दफनभूमीत जवळजवळ ९,४०० पांढऱ्या खुणा, आणि वाक्य एकच, आम्ही नसतो तर तुम्ही आज जर्मन बोलत असता. फ्रान्सची वही सुरू होते १७७८ ला. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या तेरा वसाहतींशी फ्रान्सने करार केला, पैसा दिला, बंदुका दिल्या, सैन्य दिलं, आणि १७८१ मध्ये द ग्रास या फ्रेंच सेनानीच्या आरमाराने चेसापीक उपसागराच्या तोंडाशी ब्रिटिश जहाजांना अडवलं म्हणून यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला शरण यावं लागलं. हो, तोच कॉर्नवॉलिस जो नंतर गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूशी लढला. फ्रान्सचा खजिना या मदतीत एवढा खड्ड्यात गेला की १७८९ च्या क्रांतीच्या कारणांत हे कर्ज धरतात.

आणि या नात्यात पहिला 'दगा' कोणी दिला? १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध लागलं तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन म्हणाले आम्ही तटस्थ. पंधरा वर्षांपूर्वीचा करार कागदावर तसाच होता. पुढे फ्रेंच मध्यस्थांनी अमेरिकेच्या दूतांकडे चक्क लाच मागितली, ते प्रकरण १७९८ मध्ये अमेरिकेत फुटलं आणि लोक पेटले, आणि १८०० पर्यंत दोन्ही देशांची जहाजं समुद्रात एकमेकांवर तोफा डागत होती, युद्ध जाहीर न करता. त्यामुळे २००३ मध्ये 'कधी नव्हे ते' वगैरे जे लिहिलं गेलं ते चूक होतं.

मधल्या काळातलं भराभर सांगतो. १९५६ ला सुएझमध्ये फ्रान्स आणि ब्रिटनला अमेरिकेनेच माघार घ्यायला लावली, त्यातून पॅरिसने धडा घेतला की अमेरिकेवर विसंबून राहायचं नाही. १९६६ ला द गॉल यांनी फ्रान्स नाटोच्या लष्करी कमांडमधून काढला आणि अमेरिकन सैन्याला देश सोडायला सांगितलं, त्यावर अमेरिकन परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी विचारलं म्हणतात की तुमच्या जमिनीत जे पुरलेत त्यांना पण घेऊन जायचं का. १९८६ मध्ये रेगन यांनी लिबियावर बॉम्ब टाकले तेव्हा फ्रान्सने आपल्या आकाशातून विमानं जाऊ दिली नाहीत, ती बिचारी ब्रिटनहून निघून स्पेन-पोर्तुगालला वळसा घालून गेली. १९९९ मध्ये युरोप आमचं हार्मोन दिलेलं गोमांस घेत नाही म्हणून अमेरिकेने रॉकफोर चीजवर १०० टक्के कर लावला, तर एका फ्रेंच शेतकरी नेत्याने, जोझे बोव्हे त्याचं नाव, मियो गावात बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स माणसं नेऊन उचकटलं.

दुसरं कारण, शरणागतीचा विनोद. १९४० मध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. तेव्हापासून फ्रेंच म्हणजे पळपुटे हा शिक्का. एका अमेरिकन कार्टून मालिकेत १९९५ साली एक पात्र फ्रेंचांना 'चीज खाणारी शरणागत माकडं' म्हणतं, तो विनोद होता, आणि खरं तर ते बोलणाऱ्या खडूस पात्रावरच होता, पण उजव्या विचारांच्या स्तंभलेखकांनी तो उचलला आणि २००३ मध्ये तो जणू परराष्ट्र धोरण असल्यासारखा फिरला. इंटरनेटवर तर 'वापरलेली फ्रेंच रायफल विकणे आहे, एकदाही झाडलेली नाही, एकदाच खाली टाकली' असले जोक ईमेलमधून धो धो. आता हिशोब बघा. १९४० च्या त्या सहा आठवड्यांत ५० हजारांहून जास्त फ्रेंच सैनिक मेले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे १३ लाखांहून जास्त, त्याच युद्धात अमेरिकेचे १ लाख १६ हजारांच्या आसपास. वेर्दंची लढाई दहा महिने चालली. एवढी पोरं गमावलेल्या देशाला पुढचं युद्ध नको वाटणं आणि भित्रेपणा यात फरक आहे, पण तो जोकमध्ये बसत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. अमेरिकेत फ्रान्सला शिव्या घालणं फुकट आहे. जर्मन वंशाचे अमेरिकन कोट्यवधी, आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू, मेक्सिकन, सगळ्यांच्या संघटना, सगळ्यांची मतं. फ्रेंच वंशाचे लोक लुइझियानात आहेत, कॅनडातून उतरलेले न्यू इंग्लंडमध्ये आहेत, पण फ्रान्सला काही बोललं म्हणून कोणी मतदारसंघात तुम्हाला पाडत नाही. त्यात फ्रेंच म्हणजे वाइन, महागडं चीज, अगम्य मेन्यू, कोट घातलेला नाक वर करून बोलणारा वेटर, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या माणसाला आपल्याच शहरातल्या शिकलेल्या लोकांचा जो राग येतो त्याला हे लेबल अगदी फिट. त्यामुळे बऱ्याचदा 'फ्रेंच' म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर पॅरिस नसतंच, बोस्टन असतं. २००४ च्या निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सचे जॉन केरी बुश यांच्या विरोधात उभे होते तर त्यांच्याबद्दल कुजबूज काय, तर हा माणूस दिसायलाच फ्रेंच आहे. रिपब्लिकन नेते टॉम डिले भाषणाची सुरुवात करताना म्हणायचे, नमस्कार, किंवा केरींच्या भाषेत बोंजूर, आणि हशा. केरी व्हिएतनामला बोटीवर लढून जखमी होऊन पदकं घेऊन आलेला माणूस. २०१२ ला न्यूट गिंगरिचनी स्वतःच्याच पक्षातल्या मिट रॉम्नींविरुद्ध जाहिरात काढली, तिचा शेवट असा की केरीसारखे हेही फ्रेंच बोलतात. एक जास्तीची भाषा येणं हा आरोप! आपल्याकडे चार भाषा येणारा माणूस बायोडेटात लिहितो.

भारताचं उदाहरण यात फार बोलकं आहे. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने एकमताने ठराव करून इराकवरच्या हल्ल्याची निंदा केली, आणि त्या जुलैत अमेरिका इराकमध्ये पाठवायला भारतीय सैन्य मागत होती ते वाजपेयी सरकारने नाही म्हणून सांगितलं. कोणी चिकन टिक्काचं नाव बदललं नाही. कारण आपल्याकडून त्यांची तशी अपेक्षाच नव्हती.

आता फ्रान्स एकदम गाईसारखा गरीब होता असं पण नाही हं. १९७० च्या दशकात इराकला अणुभट्टी फ्रान्सने दिली, तेव्हा पंतप्रधान शिराकच होते आणि सद्दामला त्यांनी स्वतः फिरवलं होतं, फ्रेंच तेल कंपन्यांचा इराकवर डोळा होता. त्यामुळे पॅरिसची तत्त्वं ऐकून अमेरिकन माणूस कुत्सित हसला तर त्याला कारण होतं. शिवाय बोलण्यातला तोरा. फेब्रुवारी २००३ मध्ये पूर्व युरोपातल्या देशांनी अमेरिकेची बाजू घेतली तर शिराक म्हणाले की त्यांनी गप्प बसायची चांगली संधी घालवली. अमेरिकेला दादागिरी करू नका सांगणाऱ्याने पोलंडला असं बोलावं, म्हणजे घ्या.

बहिष्काराने फरक पडला का, यावर अर्थशास्त्रज्ञांचं पण एकमत नाही. एका अभ्यासात निघालं की बहिष्कार जोरात असताना फ्रेंच वाइनची आठवड्याची विक्री २६ टक्क्यांपर्यंत कमी झाली आणि सहा महिन्यांचा हिशोब धरला तर १३ टक्के. दुसऱ्यांनी तेच प्रकरण तपासून सांगितलं की काही नाही, फ्रेंच वाइनचा खप आधीपासूनच घसरत होता, तुम्ही ती घसरण बहिष्काराच्या नावावर टाकताय. सगळ्यात भारी निष्कर्ष सुपरमार्केटच्या बिलांवरून निघाला, तो असा की ज्या अमेरिकन ब्रँडची नावं नुसती फ्रेंच वाटतात त्यांचा पण खप घटला. त्या मोहरीवाल्यांनी खुलासा केला तो उगाच नव्हता म्हणायचा.

पुढे काय झालं तर इराकमध्ये शस्त्रं सापडली नाहीत, युद्ध लांबलं, आणि राग हळूहळू विरला. २००६ च्या उन्हाळ्यात संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइज गुपचूप परत आले, ना घोषणा ना पत्रकार परिषद. २०१५-१६ पर्यंत फ्रान्सबद्दल चांगलं मत असणारे अमेरिकन पुन्हा ८० टक्क्यांच्या वर गेले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये पाळी उलटी आली, ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून पाणबुड्या घ्यायचा करार मोडून अमेरिका-ब्रिटनशी हात मिळवला तेव्हा फ्रान्सने वॉशिंग्टनमधला आपला राजदूत परत बोलावला, जे त्या नात्यात पहिल्यांदाच घडलं. दूतावासात त्याच आठवड्यात एक मेजवानी होती ती पण रद्द. मेजवानी कशाची होती, तर चेसापीकच्या त्या १७८१ च्या आरमारी लढाईला २४० वर्षं झाली त्याची. अमेरिकन माणसाला यातलं बहुतेक काही कळलं पण नाही, त्याचा मुलगा कुठे लढायला गेलेला नव्हता ना. मार्च २०२५ मध्ये युरोपियन संसदेतले एक फ्रेंच सदस्य म्हणाले की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आम्ही दिलेला, तो परत द्या, तर व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांचं उत्तर काय असेल? फ्रेंच लोक आज जर्मन बोलत नाहीत ते आमच्यामुळे. वही तीच, पान तेच.

आणि त्या दोन खासदारांचं. बॉब ने एका लाचखोरीच्या प्रकरणात २००७ मध्ये तुरुंगात गेले, त्याचा बटाट्याशी संबंध नाही. वॉल्टर जोन्स यांचा मतदारसंघ म्हणजे मरीन सैनिकांचा मोठा तळ असलेला भाग. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात ते तिथल्या एका मरीनच्या अंत्यविधीला गेले, आणि नंतर सांगायचे की तिथून त्यांच्या मनात काहीतरी हललं. २००५ मध्ये त्यांनी सैन्य परत आणा अशी उघड मागणी केली, स्वतःच्या पक्षाच्या विरोधात. फ्राइजबद्दल विचारलं तर म्हणाले, ते कधी झालंच नसतं तर बरं झालं असतं. आपल्या ऑफिसच्या बाहेर त्यांनी मेलेल्या सैनिकांचे फोटो लावले, आणि २०१९ मध्ये वारले तोपर्यंत त्या सैनिकांच्या घरच्यांना सह्या करून पत्रं पाठवत राहिले. दहा हजारांहून जास्त पत्रं आहेत ती.